उन्हाळ्याची निवड पावसाळ्यात कशाला?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तुमच्या सगळ्यांशी नाही, पण तुमच्यातल्या ज्या दोघा-चौघांचा हात मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरतीत आहे, त्यांच्याशी नक्की. उरलेल्यांनी मध्ये पडायला हरकत नाही.

भांडणाचा विषय आहे समर इंटर्नशिप. ज्यांच्या घरात सध्या कॉलेजात जाणारं मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की चौथं वर्ष सुरू होण्याआधीच्या सुट्टीत मुलं आठ-दहा आठवडे एखाद्या कंपनीत काम शिकायला जातात. एमबीएची मुलं पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये जातात. थोडाफार भत्ता मिळतो, अनुभव मिळतो, आणि कंपनीला मूल आवडलं तर तिथल्या तिथे नोकरीचं पत्रही मिळतं. आपल्याकडे याला 'उमेदवारी' असा छान शब्द होता. तो आता निवडणुकीवाल्यांनी नेला, म्हणून इंटर्नशिप म्हणायचं!

तर या मे महिन्यातल्या उमेदवारीची निवड होते कधी? आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नऊ-दहा महिने आधी! माझं म्हणणं एवढंच आहे की हे चुकीचं आहे आणि ते थांबवता येण्यासारखं आहे. जानेवारीच्या आधी ही निवड होऊ नये. उशिरा उमलणाऱ्या आणि उशिरा पोचणाऱ्या मुलांवर हा सरळसरळ अन्याय आहे. आणि आमच्या जुन्नर-आंबेगावातली बहुतेक मुलं उशिराच पोचतात.

आता कुणी म्हणेल, मराठीतून बी.ए. झालेल्या, शाळेत इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कंपन्यांच्या भरतीतलं काय कळतं? इंजिनिअरिंगमधलं काहीच कळत नाही, हे मान्य. पण मुलाची परीक्षा कधी घ्यावी आणि कधी घेऊ नये, हे मात्र कळतं बरं का. आयुष्यभर दुसरं केलं काय?

आधी इकडची परिस्थिती सांगते, कारण परगावच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर अजून जुनंच चित्र असतं. मी नोकरीला लागले तेव्हा इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुणं नाहीतर मुंबई गाठायला लागायची. आज अवसरीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००९ पासून. तिथेच सरकारी तंत्रनिकेतन आहे. जुन्नर तालुक्यात कुरणला, बेल्ह्याला, ओतूरजवळ डुंबरवाडीला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. टोमॅटो आणि कांद्याच्या पैशावर मुलं-मुली इंजिनिअर होतायत. मला याचा फार अभिमान आहे. माझ्या माजी विद्यार्थ्यांची पोरं संध्याकाळी घरी येतात, "बाई, जरा माझं सेल्फ इंट्रोडक्शन ऐकता का?" म्हणतात. माझं इंग्रजी बेताचंच, पण ऐकते. घाबरलेल्या पोराला कुणीतरी शांतपणे ऐकलं की त्याचं निम्मं काम होतं. या ऐकण्यातूनच हे सगळं माझ्या लक्षात यायला लागलं.

मोठ्या कंपन्या खेड्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या दारात येत नाहीत. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात 'पूल कॅम्पस' भरतो. दहा-वीस कॉलेजांची मुलं एकत्र बोलवायची आणि चाळणी लावायची. चाळणीचं पहिलं भोक ठरलेलं असतं: दहावीला साठ टक्के, बारावीला किंवा डिप्लोमाला साठ टक्के, पदवीला आतापर्यंत साठ टक्के. एका ठिकाणी जरी कमी पडलं तरी पुढची परीक्षासुद्धा द्यायला मिळत नाही.

इथे मी एका मुलीची हकिगत सांगते. नाव-गाव, कॉलेज, कंपनी काही सांगणार नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली. आई माझी विद्यार्थिनी. दहावीला मुलीला सत्तावन्न टक्के पडले. त्या वर्षी त्यांच्या शाळेत अर्धं वर्ष गणिताला शिक्षकच नव्हते, आणि हे काही नवल नाही, आपल्या डोंगरी भागात असं होतं. पुढे तिने डिप्लोमा केला. गणित नीट शिकवणारं कुणी भेटल्यावर मुलीने ब्याऐंशी टक्के मिळवले. मग डिप्लोमाच्या मुलांना मिळतो तसा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. या प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. पोरगी वर्गात जाऊन बसली तेव्हा बाकीच्यांचा महिनाभराचा अभ्यास झालेला. तो भरून काढण्यात दिवाळी गेली. दुसरं वर्ष संपेपर्यंत ती वर्गाच्या बरोबरीला आली होती. आणि तिसऱ्या वर्षाचं पहिलं पान उलटतंय न उलटतंय तोच कंपनी आली!

ऑगस्ट महिना. आवणी नुकती उरकलेली, घरचे सगळे चिखलातून वर आलेले, पाऊस धो धो, वीज दिवसातून चार वेळा जाणार. अर्ज भरायची मुदत दोन दिवसांची. तिने भरला. दहावीचे गुण विचारले, तेही खरे लिहिले. यादीत नाव नाही. परीक्षाच द्यायला मिळाली नाही. मुलगी ब्याऐंशीची होती, पण कंपनीला सत्तावन्नच दिसले.

पुढे त्या सत्राचा निकाल लागला आणि ती तिच्या शाखेत पहिली आली. पण इंटर्नची यादी ऑगस्टमध्येच बंद झाली होती. पुढच्या वर्षी नोकरीच्या निवडीला त्याच कंपनीत प्रयत्न केला, तर बहुतेक जागा उन्हाळ्यात काम केलेल्या मुलांनीच भरल्या होत्या. आज ती चाकणला नोकरी करते, बरं चाललं आहे, तेव्हा मी काही रडगाणं गात नाही. पण तिला तिच्या योग्यतेचं दार उघडं का मिळालं नाही, याचं उत्तर 'ती कमी पडली' असं नाही. निवड लवकर झाली, एवढंच त्याचं कारण आहे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. निवड जितकी लवकर, तितका पुरावा जुना. ऑगस्टमध्ये निवडायचं म्हटल्यावर हातात असणार काय? तिसऱ्या वर्षात तर अजून काहीच झालेलं नाही. मग मागे मागे जायचं. दुसरं वर्ष, बारावी, दहावी. दहावीचे गुण म्हणजे काय हो? मूल कुठल्या शाळेत होतं, घरी अभ्यासाला जागा होती का, शिकवणीची फी परवडत होती का, आई-वडील शिकलेले होते का, याचा तो हिशेब असतो. त्यात मुलाची मेहनत असतेच, नाही कोण म्हणतंय. पण वयाच्या पंधराव्या वर्षी मुलाच्या हातात फार थोडं असतं. विसाव्या वर्षी जरा जास्त असतं. कंपनी मात्र विसाव्या वर्षाच्या मुलाला पंधराव्या वर्षावरून जोखते आणि वर म्हणते आम्ही मेरिट बघतो.

एमबीएचं तर आणखीनच विचित्र. आयआयएमसारख्या संस्थांत कोर्स जून-जुलैच्या सुमाराला सुरू होतो आणि बऱ्याच ठिकाणी चार-पाच महिने व्हायच्या आतच पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची निवड उरकलेली असते. दोन वर्षांचा कोर्स, आणि त्यातला एक पंचमांश भागही शिकवून व्हायच्या आत मुलं निवडली! मग निवडलं कशावर? आधीचं कॉलेज, आधीची नोकरी, प्रवेश परीक्षेचे गुण आणि बोलण्याची सफाई. संस्थेने काय शिकवलं याचा त्यात संबंधच नाही.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" ही म्हण कुणीतरी या कंपन्यांना फार मनापासून शिकवलेली दिसते. मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, मला काही पाळण्यात पाय दिसले नाहीत बुवा. पाचवीतलं मुखदुर्बळ पोर नववीत वक्तृत्वाची ढाल घेऊन येतं. जूनमध्ये पहिल्या बाकावर चमकणारं मार्चमध्ये कंटाळलेलं असतं. म्हणूनच शाळेत घटक चाचणी, सहामाही, वार्षिक अशी रचना असते. घटक चाचणीवर आम्ही कुणाला वरच्या वर्गात घातलं नाही की खालच्या वर्गात ठेवलं नाही. कंपन्या तर घटक चाचणीच्याही आधी निकाल लावून मोकळ्या!

आमच्या नारायणगावच्या द्राक्षवाल्याला विचारा. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, पुढे चार महिने बाग सांभाळायची. तोडणी जवळ आली की रिफ्रॅक्टोमीटर घेऊन मण्यांची गोडी मोजतात. अठरा ब्रिक्सच्या आसपास आल्याशिवाय निर्यातीचा माल तोडत नाहीत. शेजाऱ्याने आधी तोडला म्हणून आपणही आंबट माल तोडला तर पैसे कुणाला मिळणार? द्राक्षाला जी सवलत आहे ती माणसाच्या पोराला नको?

हे दुखणं फक्त आपलं नाही बरं का. जपानमध्ये कॉलेज संपायच्या कितीतरी आधी मुलं गाठून ठेवण्याच्या प्रकाराला एक शब्द आहे: 'आओतागाई'. त्याचा अर्थ हिरव्या भातशेताची खरेदी. लोंबी भरायच्या आधीच उभ्या शेताचा सौदा! आमच्या भीमाशंकरच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायला लागणार नाही. हिरव्या शेताचा सौदा कोण करतो? ज्याला पैशाची नड आहे तो. आणि त्यात फायदा कुणाचा होतो? घेणाऱ्याचा. तिथल्या मोठ्या उद्योगांच्या संघटनेने, कैदानरेनने, अमुक तारखेआधी मुलाखती घेऊ नका असा नियम बरीच वर्षं चालवला. पुष्कळ कंपन्या तो आडून मोडत होत्या. शेवटी २०१८ साली संघटनेने २०२१ मध्ये पदवीधर होणाऱ्या मुलांपासून तो सोडून द्यायचं ठरवलं, आणि सरकारला 'तारखा पाळा हो' अशी विनंती करत बसावं लागलं. नुसत्या सदिच्छेवर तारीख टिकत नाही, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. 'इंटर्न' हा शब्द मुळात तिथल्या नव्या डॉक्टरांचा. १९४० च्या सुमारास इस्पितळांत अशी चढाओढ लागली की मुलगा डॉक्टर व्हायच्या दोन दोन वर्षं आधीच त्याला इंटर्न म्हणून बांधून घ्यायचे. शेवटी १९४५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयं एक झाली. ठरलेल्या तारखेआधी कुणाही विद्यार्थ्याचे गुण किंवा शिफारसपत्र इस्पितळाला द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. लवकर निवडायला माहितीच मिळेना, तेव्हा निवड ताळ्यावर आली. पण इस्पितळं कसली ऐकतात! त्यांनी उत्तराची मुदत आवळायला सुरुवात केली. आधी दहा दिवस होते ते कमी कमी होत गेले. १९४९ मध्ये बारा तासांची मुदत सुचवली गेली, तर तीही फार होते म्हणून इस्पितळांच्या संघटनेने नाकारली. मग १९५२ पासून एकच पद्धत आली. सगळ्या मुलांनी आपली पसंती क्रमाने लिहायची, सगळ्या इस्पितळांनी आपली लिहायची, आणि एका दिवशी एकदम जोड्या लावायच्या. आपल्यापैकी ज्यांच्या नातवंडांनी अमेरिकेत डॉक्टरकी केली आहे त्यांना मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारचा 'मॅच डे' माहीतच असेल. तोच हा. बाजारातली ही घाई कशी होते आणि कशी थांबवता येते, याचा अभ्यास केलेल्या अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तेव्हा हे एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यातलं खूळ नाही, एवढं तरी मान्य करा.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या आयआयटी कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या नोकऱ्यांसाठी १ डिसेंबर ही तारीख ठरवली आहे. त्याआधी मुलाखती नाहीत. सगळ्या मोठ्या कंपन्या निमूटपणे ती पाळतात, कारण सगळी आयआयटी कॉलेजं एकत्र उभी आहेत. म्हणजे तारीख पाळता येते! फक्त इंटर्नशिपला ती तारीख लावलेली नाही. तिथे जुलै-ऑगस्टमध्येच झुंबड उडते. आणि उन्हाळ्यात काम केलेल्या मुलांना 'प्री-प्लेसमेंट ऑफर' म्हणून नोकरीचं पत्र १ डिसेंबरच्या आधीच मिळतं. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी. म्हणून मी म्हणते, इंटर्नशिपची तारीख हीच खरी नोकरीची तारीख आहे. तिच्याकडे 'सुट्टीतलं काम' म्हणून कानाडोळा करू नका.

आता माझा भाचा. हा हिंजवडीला एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. (वाचतोयस ना रे?) गेल्या खेपेला घरी आला तेव्हा आमची यावरून चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडते.

तो म्हणाला, "मावशी, आम्ही थांबलो तर दुसरी कंपनी चांगली मुलं घेऊन जाईल."

बरोबर आहे. एकट्याने थांबू नकाच. नाटकाला पुढचा माणूस उभा राहिला की मागच्यालाही उभं राहावं लागतं, मग सगळं थिएटर उभं, आणि नाटक कुणालाच बसल्यापेक्षा जास्त दिसत नाही. सगळ्यांना खाली बसवायचं काम डोअरकीपरचं. इथे ते काम विद्यापीठाचं आणि कॉलेजांचं आहे. पण मला सांग, 'चांगली मुलं' म्हणजे कोण हे तुम्हाला ऑगस्टमध्ये कळतं कसं? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं चाललंय तुमचं.

तो म्हणाला, "आम्हाला नियोजन करावं लागतं. किती मुलं, कुठला प्रकल्प, किती पैसे."

करा की! आकडे ठरवायला ऑगस्ट घ्या, नाहीतर जून घ्या. आकडा ठरवणं आणि माणूस ठरवणं यात फरक आहे. घरात लग्न निघालं की कार्यालय आधी ठरवतात, पण म्हणून कुणी गुडघ्याला बाशिंग बांधून दिसेल त्या स्थळाला होकार देत नाही. शिवाय तुमच्या नियोजनाचं काय होतं तेही पाहिलं आहे. २०१९ च्या पावसाळ्यात दिलेल्या कित्येक इंटर्नशिपा २०२० च्या उन्हाळ्यात रद्द झाल्या नाहीतर घरबसल्या संगणकावर उरकल्या. करोना होता, दोष कुणाचाच नाही. पण इन्फोसिससारख्या कंपनीने २०२२ मध्ये नोकरीचं पत्र दिलेली काही मुलं २०२४ पर्यंत रुजू व्हायची वाट बघत होती, हे तर पेपरात आलंच होतं. लवकर दिलेलं वचन पक्कं असतं, असं काही नाही.

मग तो म्हणाला, "मुलांनाच लवकर हवं असतं गं. एकदा ठरलं की जिवाला घोर नाही. आणि गावाकडच्या मुलांना तर पुण्यात खोली बघायची असते, पैशाची जुळणी करायची असते. आयत्या वेळी कळलं तर त्यांचेच हाल."

हा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे आणि पहिला भत्ता हातात येईपर्यंतचा महिना, हे जुळवायला कांद्याची पट्टी यावी लागते. पण जानेवारीच्या अखेरीला निवड झाली तरी मे महिन्याला तीन महिने राहतात. तेवढे पुष्कळ झाले. शिवाय घोर फक्त निवडलेल्यांचा जातो. वर्गातल्या साठातल्या दहांचा घोर ऑगस्टमध्ये गेला आणि पन्नासांच्या पदरी 'आपण नापास' हा शिक्का ऑगस्टमध्येच पडला. आता पुढचं सगळं वर्ष त्यांनी कशाच्या जोरावर अभ्यास करायचा? आणि निवडलेली दहा तरी पुढे मन लावून तास करतात का, हे कुठल्याही प्राध्यापकाला खासगीत विचारा.

यावर भाचा हसून म्हणाला, "मावशी, तू भरतीत यायला हवी होतीस." विषय टाळायची ही जुनी युक्ती आहे. त्याच्या आईचीच.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी फारशी बोलत नाही. कंपन्यांचा उन्हाळा कुणाचा आहे? तो आयआयटीच्या वेळापत्रकाचा आहे. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला सुट्टी लागते, म्हणून इंटर्नशिपही तेव्हा सुरू. आपल्या पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षा पुष्कळदा मे संपून जूनमध्ये जातात. म्हणजे इकडे परीक्षा, तिकडे रुजू व्हायचा निरोप. मूल करणार काय? विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात इंटर्नशिपला चार क्रेडिट दिले. चांगलं केलं. पण क्रेडिट द्यायचे आणि वेळ द्यायचा नाही, असं झालं की मुलं ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणतात. कागद मिळतो, शिक्षण राहतं. याला जबाबदार मुलं नाहीत.

नुसतं भांडून उपयोग नाही, काय हवं ते स्पष्ट सांगायला पाहिजे. माझ्या पाच मागण्या आहेत.

एक. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची निवड १५ जानेवारीच्या आधी कुठल्याही कॉलेजात होऊ नये. विषम सत्राची परीक्षा तोवर झालेली असते. ही तारीख विद्यापीठाने आणि पुण्यातल्या मोठ्या स्वायत्त कॉलेजांनी एकत्र बसून ठरवावी. पुण्याच्या मोठ्या कॉलेजांनी साथ दिल्याशिवाय हे होणार नाही, कारण कंपन्या धावतात त्यांच्याकडे. अवसरी-बेल्ह्याच्या कॉलेजांनी एकट्याने दार लावलं तर बाहेर कुणी वाट बघत उभं राहणार नाही, हे मलाही कळतं.

दोन. त्या तारखेआधी कॉलेजने मुलांचे गुण कंपनीला देऊ नयेत. १९४५ च्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांना जे जमलं ते आपल्यालाही जमेल.

तीन. दहावीचे गुण विचारणं बंद करा. जास्तीत जास्त अलीकडच्या तीन सत्रांचं बघा. डिप्लोमा करून आलेल्या मुलांची तर यात निम्मी अडचण सुटेल.

चार. पत्र दिल्यावर विचार करायला किमान दहा दिवस द्या. 'आज रात्री बारापर्यंत हो म्हणा' ही भाषा भाजीबाजारात ठीक. मुलीला घरी विचारायचं असतं, वडील शेतावर असतात, फोन लागत नाही.

पाच. रुजू व्हायची तारीख विद्यापीठाची शेवटची परीक्षा संपल्यानंतर आठ दिवसांनी. आठवडे तेवढेच ठेवा, फक्त पुढे सरकवा.

यात कुणाचं नुकसान आहे ते मला दाखवून द्या. कंपनीला जास्त ताजी माहिती मिळते. कॉलेजला एक सत्र शांतपणे शिकवता येतं. मुलाला स्वतःला सिद्ध करायला सहा महिने जास्त मिळतात. तोटा झालाच तर ज्या मुलांचं सगळं आधीपासून जुळून आलेलं असतं त्यांचा, आणि तोही फारसा नाही, कारण ती जानेवारीतही हुशारच असणार.

कंपनीवाल्यांना एक आमंत्रणही देऊन ठेवते. खोडदला आपली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, जगभरचे शास्त्रज्ञ तिथे निरीक्षणं करतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळा-कॉलेजांतली मुलं स्वतः केलेले प्रयोग मांडतात. या, बघा. पोरांना विचारा, हे कसं केलंस, कुठे अडलास, मग काय केलंस. अर्धा तास उभं राहून ऐका. मराठीत बोललं तरी चालेल. दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा तुम्हाला तिथे जास्त कळेल, आणि तारीखही सोयीची आहे, उन्हाळ्याला दोन महिने राहिलेले असतात.

आता आपल्यातल्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना दोन शब्द. ऑगस्टमध्ये तुमच्या नातवाचं नाव कुठल्या यादीत आलं नाही म्हणून घरात सुतक पाळू नका. शेजारच्याचं आलं असेल तर त्याचं कौतुक करा आणि आपल्या पोराला गरम जेवायला वाढा. वर्ष अजून जायचं आहे. आणि जो भाचा, पुतण्या, जावई, सून यांच्यापैकी कुणी कंपनीत या कामावर असेल, त्याला हा लेख वाचून दाखवा. तो म्हणेल, "माझ्या हातात नाही हो." तेव्हा विचारा, मग कुणाच्या हातात आहे त्याचं नाव सांग. नाव मिळालं की मला कळवा. मी पत्र लिहिते. अजून अक्षर चांगलं आहे माझं!

असो. लोभ आहेच, तो वाढावा. आणि ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनी तर जरूर लिहावं, फक्त लवकर ठरवलेलं मत जरा उशिरापर्यंत तपासून बघावं, एवढीच विनंती.